सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरला भोक पाडावं का?

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. लग्न करून पेनसिल्व्हेनियात आले आणि आता इथलीच नागरिक आहे. नेमबाजी मला माझ्या सासऱ्यांनी शिकवली. हरणाच्या शिकारीला दर हंगामात ते मला बरोबर न्यायचे. आता त्यांचं वय 84 आहे, नजर अधू झाल्यामुळे शिकार सुटली आहे. गेल्या महिन्यात त्यांनी आपलं .44 मॅग्नम काडतुसाचं, लांब नळीचं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर लाकडी पेटीसकट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, ‘हे आता तू वापर.’ 1970च्या दशकात त्यांनी ते नवं घेतलं होतं. अडचण अशी, की मी 53 वर्षांची आहे आणि नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असते ती पुढची माशी मला धूसर दिसायला लागली आहे. नवरा म्हणतो, गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, वर भोकं पाडून स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवून घेऊ. दीर म्हणतात, जुन्या स्मिथला ड्रिल लावणं म्हणजे पाप. दोघा भावांचं यावरून चांगलंच वाजलंय. मला मात्र हेच रिव्हॉल्व्हर घेऊन जंगलात जायचं आहे. काय करू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, दिरांचं मत आहे. ज्यांनी ते रिव्हॉल्व्हर इतकी वर्षं वापरलं, त्यांचं मत मात्र कुठेच नाही. सासरे हयात आहेत, स्वतःच्या हाताने वस्तू देण्याइतके सावध आहेत, आणि दोन मुलगे त्यांच्याच वस्तूवरून त्यांना न विचारता भांडत आहेत. म्हणून सगळ्यात आधी त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘यावर स्कोप बसवला तर तुम्हाला चालेल का?’ कदाचित ते म्हणतील, हत्यार आहे, वापरायला दिलंय, हवं ते कर. कदाचित गप्प बसतील. काहीही झालं तरी पुढचा विचार त्यातून सोपा होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यंदाच्या हंगामात भोक पाडू नका. तुमची अडचण डोळ्याची आहे, आणि डोळ्याच्या अडचणीवर असे उपाय आहेत जे उद्या काढून टाकता येतात. ते सगळे करून झाल्याशिवाय ज्याला परतीची वाट नाही असं काम अंगावर घेऊ नये.

आता हातात नेमकं काय आहे ते पाहू. सिलिंडर बाहेर काढा, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपूनही खात्री करा. मग सिलिंडर ज्या दांड्यावर बाहेर फिरतो, तो मिटल्यावर फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो तिथे पाहा. मॉडेलचा आकडा तिथे ठोकलेला असतो. तुमच्या वर्णनावरून तो 29-2 असावा, म्हणजे मॉडेल 29चं एक रूप. नळी फ्रेममध्ये जिथे शिरते, तिथे वरच्या बाजूला एका बारीक पिनेचं टोक दिसतं का? आणि सिलिंडरच्या मागच्या बाजूला घरांच्या तोंडाशी खोलगट कड आहे का, म्हणजे काडतुसाची कड आत बसून पृष्ठभागाशी सपाट होते का? या दोन्ही गोष्टी 1982मध्ये 29-3 हे रूप आलं तेव्हा बंद झाल्या. जुन्या स्मिथचे चाहते या पिनेवर आणि या खोलगट कडेवर जीव टाकतात. दिरांच्या बोलण्यामागे हेच आहे.

त्यांच्या जीव टाकण्याला इतिहासही आहे. आयडाहोचे शिकारी आणि लेखक एल्मर कीथ यांनी .44 स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसात जड भार भरून वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि कंपन्यांच्या मागे लागून ताकदवान काडतूस मागितलं. त्यातून .44 मॅग्नम जन्मलं, आणि स्मिथ अँड वेसनचं त्यासाठीचं रिव्हॉल्व्हर 1955च्या अखेरीस आलं. ‘मॉडेल 29’ हे नाव त्याला 1957मध्ये मिळालं, जेव्हा कंपनीने नावांऐवजी आकडे वापरायला सुरुवात केली. पुढे 1971मध्ये एका गाजलेल्या चित्रपटात ते झळकलं आणि दुकानांतून दिसेनासं झालं. लोक ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून घेत. तुमच्या सासऱ्यांनी त्याच दशकात ते मिळवलं, तर त्यांनाही थोडी खटपट करावी लागली असेल. ती गोष्टही विचारून घ्या आणि लिहून ठेवा. कारखान्यातून ते कधी आणि कुठल्या विक्रेत्याकडे गेलं, हे कंपनीच्या जुन्या नोंदींवरून सांगणारं पत्र शुल्क भरून मागवता येतं. मी तुमच्या जागी असतो तर ते पत्र मागवून लाकडी पेटीत ठेवलं असतं.

एवढं सगळं असूनही मी दिरांच्या ‘पाप’ या शब्दाशी सहमत नाही. 1990च्या दशकात कंपनी स्वतःच या फ्रेमच्या वरच्या पट्टीत भोकं पाडून, आटे पाडून माल पाठवू लागली. ती भोकं मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेच्या, लांब पट्टीखाली असतात. साइट परत बसवली की झाकली जातात. म्हणजे जाणत्या हाताने योग्य जागी, योग्य मापाची भोकं पाडली तर फ्रेम कमकुवत होते असं नाही, आणि बाहेरून विद्रूपही दिसत नाही. तुमचे यजमान तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. आणि समजा, हेच रिव्हॉल्व्हर आधी कुणी पॉलिश करून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेलं असतं, मुठीच्या लाकडी फळ्या बदललेल्या असत्या, नळीवर गंजाचे खड्डे असते, तर मी तुम्हाला बिनधास्त सांगितलं असतं की पाडा भोकं. अशा रिव्हॉल्व्हरला तिकडच्या बाजारात ‘शूटर ग्रेड’ म्हणतात, म्हणजे वापरायला उत्तम, संग्रहाला नाही. त्यात गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

तुमचं तसं नाही. एका माणसाने नवं घेतलं, पेटीत सांभाळलं आणि सुनेला दिलं. झाकलेलं भोकही भोकच असतं. घेणारा जाणकार पहिल्यांदा साइटचा स्क्रू काढून खाली पाहतो. वेल्डिंगने बुजवलं तर त्या उष्णतेने पोलादाच्या गुणाला धक्का लागतो आणि ब्लूइंग जातं ते वेगळंच. विकायचं तुमच्या मनात नाही हे मी गृहीत धरतो. पण तुमच्यानंतर ते कुणाकडे तरी जाईल, आणि त्याच्यासाठी हा निर्णय आज तुम्ही घेताय.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

उघड्या साइटने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशी तीन अंतरं एकाच वेळी सांभाळायची असतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. नेमबाज म्हणून तुम्हाला माहीतच आहे की स्पष्ट हवी ती माशी, बाकी दोन्ही जरा धूसर चालतात. पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि हात लांब केल्यावरच्या अंतरावर नजर ठरत नाही. त्यात प्रोग्रेसिव्ह चष्मा (वर दूरचा, खाली जवळचा नंबर असलेला) असेल तर माशी स्पष्ट दिसण्यासाठी हनुवटी वर करावी लागते, मान अवघडते, आणि धक्का बसल्यावर डोकं पुन्हा त्याच जागी येत नाही.

यावर उपाय साधा आहे आणि तो फार थोडे लोक करतात. रिकामं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून नेमाच्या पवित्र्यात उभ्या राहा आणि नवऱ्याला टेपने तुमच्या डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. समजा ते 80 सेंटिमीटर भरलं. एवढ्या अंतरावर नजर पूर्ण ठरायला दूरच्या नंबरात 1.25 डायॉप्टर मिळवावे लागतात. नेमबाजीसाठी सहसा त्याहून थोडं कमी घेतात, म्हणजे माशी पुरेशी स्पष्ट राहते आणि हरीणही अगदीच पुसट होत नाही. तुमच्या चष्म्याच्या डॉक्टरकडे फक्त हा आकडा घेऊन जा, हत्यार नेऊ नका. ‘नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी एवढ्या अंतराचं एकच नंबराचं भिंग हवंय’ असं सांगितलं की ते समजतात. काच मात्र मजबूत, सुरक्षेच्या दर्जाची घ्या.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून तुमच्याच गावचं उदाहरण देतो. नेमबाज राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते उघड्या साइटने. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या प्रकारात पिस्तुलावर भिंग किंवा दुर्बीण चालतच नाही. नेमबाजाच्या चष्म्यात मात्र नंबराचं भिंग चालतं. जगातले वयस्क पिस्तूल नेमबाज याच वाटेने आपली नजर टिकवून धरतात.

चष्म्याबरोबर आणखी एक करून पाहा. अशा बऱ्याच 29 मॉडेलांच्या माशीत लाल रंगाचा तुकडा असतो, आणि जंगलातल्या मंद उजेडात तो काळसर दिसतो. त्यावर झगमगीत नारिंगी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून रेंजवर फरक पडतो का ते बघा. हंगाम संपला की काढून टाकायचा. काही जण चष्म्याच्या काचेवर बारीक छिद्र असलेली काळी पट्टी लावतात. छिद्रातून पाहिलं की माशीही स्पष्ट दिसते आणि लक्ष्यही. रेंजवर ही युक्ती छान चालते, पण पहाटेच्या झाडीत ती उजेड खाते, म्हणून शिकारीसाठी मी ती सुचवणार नाही.

यानंतर एक परीक्षा घ्या. जेवायची साधी कागदी थाळी, आठ-नऊ इंची, 25 यार्डांवर लावा. बसून, हातांना आधार घेऊन सहा गोळ्या झाडा. सहाच्या सहा थाळीत गेल्या तर अंतर 10 यार्डांनी वाढवा. ज्या अंतरावर पहिल्यांदा एक गोळी थाळीबाहेर जाईल, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची हद्द. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण तेवढाच असतो. ही हद्द 50 यार्डांच्या आसपास आली, तर तुमच्याकडच्या दाट झाडीत ती बहुतेक वेळा पुरते, आणि स्कोपचा प्रश्न तिथेच मिटतो. सासरे त्याच साइटने शिकार करत आले आहेत. ते किती अंतरापर्यंत गोळी झाडायचे, हेही विचाराच.

हद्द 25-30 यार्डांवरच अडली, किंवा नव्या चष्म्यानेही माशी ठरेना, तर काच हवी हे मान्य करावं लागेल. जखमी हरीण झाडीत हरवण्यापेक्षा स्कोप केव्हाही बरा. यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

पण मग स्कोप म्हणजे काय ते नीट समजून घ्या. रायफलचा स्कोप इथे चालत नाही. त्यात डोळा तीन-चार इंचांवर लागतो. रिव्हॉल्व्हरचा स्कोप हाताच्या अंतरावरून, दीड-दोन फुटांवरून पाहण्यासाठी बनवलेला असतो. त्यातून दिसणारं क्षेत्र अरुंद असतं, आणि हाताचा प्रत्येक थरकाप मोठा होऊन दिसतो. 2 पट पुरे, 4 पट भरपूर. आठ इंची नळीचं 29 जवळपास दीड किलोचं. त्यावर स्कोप, तो धरणारी बैठक म्हणजे माउंट, आणि रिंगा मिळून आणखी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम चढतात. सासऱ्यांचं होल्स्टर निरुपयोगी होतं, छातीवर बांधायचं वेगळं लागतं. उभ्याने झटकन नेम धरायची सवय मोडून आधार शोधायची सवय लावावी लागते. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून दर गोळीला तापलेला वायू आणि कण उडतात. स्कोपचं पुढचं भिंग त्या फटीच्या वर आलं तर ते खरवडलं जातं, आणि आधारावर टेकवताना बोट किंवा बाही त्या फटीपाशी गेली तर भाजतं.

तुमच्या डोळ्यांसाठी मला रेड डॉट, म्हणजे काचेत उजळ लाल ठिपका दाखवणारी साइट, जास्त पटतो. ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे तीन अंतरांची कसरत संपते. छोटे प्रकार वजनाला नगण्य असतात. फक्त दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असेल तर ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. दुकानात फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच ठिपक्याकडे पाहा. कॅमेऱ्यात गोल आणि तुम्हाला फुटका दिसला तर दोष तुमच्या डोळ्यातला, यंत्रातला नाही. विजेवर चालणाऱ्या साइटबद्दल राज्याच्या गेम कमिशनच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत काय म्हटलंय ते मात्र आधी वाचा.

भोक न पाडता मागच्या साइटच्या स्क्रूच्या जागी बसणारे माउंट मिळतात. .44 स्पेशल झाडायला आणि वर हलका रेड डॉट ठेवायला ते ठीक आहेत. (.44 स्पेशल तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये निर्धास्त चालतं, सरावाला तेच वापरा. मनगटं वाचतील.) पण मॅग्नमच्या पूर्ण धक्क्याला, वर जड स्कोप घेऊन, एकट्या स्क्रूवर माझा भरवसा नाही. तो सैल होतो, नेम सरकतो, आणि हे जंगलात लक्षात येतं. नळीला आवळणारे पट्टे ब्लूइंगवर ओरखडे पाडतात, तेही टाळा.

म्हणून स्कोप हवाच असेल तर तो दुसऱ्या रिव्हॉल्व्हरवर बसवा. रुगरचं सुपर रेडहॉक 1987पासून मिळतं. त्याच्या फ्रेमवरच रिंगा बसायच्या खाचा कारखान्यात कापलेल्या असतात. त्याच कंपनीच्या सुपर ब्लॅकहॉकच्या ‘हंटर’ प्रकारात नळीवर तशी सोय आहे. दोन्ही .44 मॅग्नममध्ये मिळतात, दोन्ही दणकट आहेत आणि वापरलेली सहज सापडतात. स्कोप, चांगला माउंट, गनस्मिथची मजुरी आणि नवं होल्स्टर यांचा हिशेब मांडलात, तर वापरलेल्या रुगरची किंमत त्यापासून फार लांब नसते. सासऱ्यांचं 29 रेंजवर राहील, आणि ज्या दिवशी हरीण जवळून येणार अशी जागा असेल त्या दिवशी तेच घेऊन जाता येईल.

रुगरचा विषय निघालाच आहे तर इतर वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्याकडे 1973च्या आधीचं, बाजूला तीन स्क्रू असलेलं, दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागणारं जुनं सिंगल अ‍ॅक्शन रुगर असेल तर स्कोपच्या आधी सुरक्षेचा विचार करा. त्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायची असतात, नाहीतर पडल्यावर गोळी सुटू शकते. कंपनी त्यात सुरक्षेचा भाग फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. ते भाग जपून ठेवले तर जुनेपणही हरवत नाही.

ताई, आता कागदाचं. सासऱ्यांनी रिव्हॉल्व्हर ‘समोर ठेवलं’ असं तुम्ही लिहिलंय. पेनसिल्व्हेनियात हँडगन एका खाजगी माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा शेरीफच्या कचेरीतून नोंद आणि तपासणी व्हावी लागते. सूट आहे ती नवरा-बायको, आईवडील-मुलं आणि आजीआजोबा-नातवंडं यांना. सासरा-सून त्या यादीत नाही. हे ऐकून मनाला लागेल, पण कायदा तसा आहे. सासऱ्यांना घेऊन जवळच्या विक्रेत्याकडे जा आणि एकदाच रीतसर करून घ्या. त्यांची प्रकृती चांगली आहे तोवरच करा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हरणाच्या शिकारीबद्दल वाचून कसंसं होईल, हे मी जाणतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे 1991च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पेनसिल्व्हेनियात हरणांची संख्या परवाने आणि हंगाम ठरवून आटोक्यात ठेवतात, आणि घरातलं मांस त्यातूनच येतं. तिथल्या घरात सून म्हणून गेलेल्या बाईने सासऱ्यांकडून ही विद्या घेतली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

हे सगळं करूनही तुम्ही, आणि सासरेही, याच रिव्हॉल्व्हरवर स्कोप हवा या निर्णयाला आलात, तर तेही सन्मानाने करता येतं. ज्याने स्मिथच्या याच फ्रेमवर हे काम केलंय आणि केलेला नमुना दाखवू शकतो, अशाच गनस्मिथकडे जा. भोकं कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे, साइटच्या पट्टीखाली झाकली जातील अशीच पाडायला सांगा. नळीवर एकही नको. ब्लूइंगला, मुठीच्या फळ्यांना, घोड्याला हात लावायचा नाही, ‘जाता जाता जरा चकचकीत करून देतो’ म्हणाला तरी नाही. काढलेली मागची साइट आणि तिचा स्क्रू छोट्या पिशवीत घालून लाकडी पेटीत ठेवा, सोबत कुणी, कधी, काय केलं याची चिठ्ठी ठेवा. आणि हे काम हंगामाच्या तोंडावर नको. स्कोप बसवल्यावर पन्नासेक मॅग्नम काडतुसं झाडून स्क्रू पुन्हा तपासायचे असतात, नेम पुन्हा जुळवायचा असतो.

चष्मा आल्यावर थाळीची परीक्षा घ्या आणि हद्द किती यार्डांवर आली ते मला कळवा. त्या आकड्यावर पुढचं बोलू.